रोबो-कार्टूनचा एक भाग बारकाईने कसा पाहायचा: ‘हेवी मेटल वॉर’ हाताशी धरून

वाहनं-यंत्रांत रूप बदलणाऱ्या रोबोंची ‘ट्रान्सफॉर्मर्स’ ही मूळ अमेरिकन मालिका 1984 ते 1987 या काळात आली. एकूण भाग 98. तिचे चाहते आजही एकेका भागावर तावातावाने बोलतात: अमक्या दृश्यात विमानाचा रंग चुकलाय, तमक्याच्या तोंडी भलत्याचाच आवाज आलाय, हा रोबो आधीच्या प्रसंगात होता तो इथे गेला कुठे. मजा असते, पण अर्धी भांडणं वाया जातात. एक तर दोघांनी वेगवेगळी प्रत पाहिलेली असते, नाहीतर एक जण पडद्यावर दिसलेलं सांगत असतो आणि दुसरा त्याचं स्पष्टीकरण देत असतो. म्हणून या कामाचा पहिला आणि शेवटचा नियम असा: काय दिसलं ते आधी लिहा, का दिसलं ते नंतर.

सरावासाठी मी ‘हेवी मेटल वॉर’ हा भाग सुचवेन. तो पहिल्या पर्वातला शेवटचा, 1984च्या डिसेंबरातला, डोनाल्ड ग्लट यांनी लिहिलेला. दुष्ट रोबोंचा, म्हणजे डिसेप्टिकॉनांचा म्होरक्या मेगाट्रॉन सज्जन रोबोंचा, म्हणजे ऑटोबॉटांचा नायक ऑप्टिमस प्राइम याला द्वंद्वाचं आव्हान देतो. हरेल त्याने आपल्या फौजेसकट पृथ्वी सोडायची, अशी अट. मेगाट्रॉन अर्थातच लबाडी करतो आणि आपल्या साथीदारांच्या शक्ती स्वतःत उतरवून घेऊन मैदानात येतो. इकडे बहुतेक ऑटोबॉट लढत बघायला गेलेले असताना सहा नवे डिसेप्टिकॉन त्यांच्या तळावर घुसतात. हे सहा जण म्हणजे कन्स्ट्रक्टिकॉन, आणि ते जोडले गेले की होतो डेव्हास्टेटर हा एकच महाकाय रोबो. गोष्ट सरळ, पात्रं भरपूर, आणि पुढच्या भागांशी विसंगती तर अशी की चाहत्यांना आजही पुरून उरते.

पायरी 1: हातात कोणती प्रत आहे ते ठरवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि नेमकं इथेच पाणी मुरतं.

अमेरिकेत पहिल्या पर्वाची डीव्हीडी ऱ्हायनो कंपनीने 2002 मध्ये काढली. चित्र जास्त स्वच्छ मिळावं म्हणून त्यांनी मूळ फिल्म वापरली. पण काही ठिकाणी ती फिल्म टीव्हीवर जाण्याआधीच्या टप्प्यातली होती, म्हणजे प्रसारणाआधी दुरुस्त केलेली दृश्यं तिच्यात दुरुस्त नव्हती. परिणामी 1984 साली कुणी पाहिल्याच नव्हत्या अशा रंगांच्या चुका या डीव्हीडीत दिसतात. शिवाय नव्या ध्वनिमिश्रणात जादाचे आवाज घातले, मूळ भागात नसलेले धडामधुडूम आणि सूंसूं. 2009 पासून शाउट फॅक्टरीने नवे संच काढले, तेव्हा ही दृश्यं प्रसारणातल्या रूपाशी जुळवून घेण्याचा प्रयत्न झाला.

तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: प्रत कोणाची, कोणत्या सालची, डीव्हीडी की ऑनलाइन. ऑनलाइन असेल तर ती अधिकृत आहे का, आणि भागाची एकूण लांबी किती. रंगाची एखादी चूक फक्त ऱ्हायनोच्या डीव्हीडीत असेल, तर ती त्या डीव्हीडीची चूक आहे, भागाची नव्हे. दोन प्रती मिळाल्या तर उत्तमच. एकच असेल तर एकाच प्रतीवरून लिहितोय असं स्पष्ट लिहा.

लांबीकडे लक्ष देण्याचं आणखी एक कारण आहे. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची. युरोपात किंवा आपल्याकडे चाललेल्या पाल या टीव्ही-चित्रपद्धतीत ती सरळ 25 फ्रेमने पळवली, तर भाग साधारण चार टक्के लवकर संपतो. 22 मिनिटांत जवळजवळ 50 सेकंदांचा फरक, आणि आवाजही किंचित चढतो. त्यातच जाहिरातीआधी-नंतर येणारे ‘पुन्हा भेटू’ छापाचे तुकडे काही प्रतींत ठेवलेले असतात, काहींत कापलेले. म्हणून नुसतं ‘बाराव्या मिनिटाला’ असं लिहून भागत नाही. भागाच्या नावाची पाटी पडद्यावर येते तो क्षण शून्य धरा आणि तिथून वेळ मोजा.

पायरी 2: एकदा न थांबता पाहा

वही बाजूला, फोन बाजूला. पूर्ण भाग एका बैठकीत. चुका शोधायच्या नाहीत. गोष्ट कुठे वळते आणि कुणाला काय हवंय, एवढंच डोक्यात बसू द्या. चुका टिपत पहिल्यांदा पाहणारा माणूस कथेतलीच एखादी गोष्ट चूक म्हणून लिहून ठेवतो. मेगाट्रॉन इथे स्वतःची नसलेली हत्यारं वापरतो ती चित्रकाराची गफलत नाही, तोच तर त्याचा कट आहे.

पायरी 3: भागाचे तुकडे पाडा

या मालिकेने आपली सोय करून ठेवली आहे. एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात जाताना पडद्यावर बोधचिन्ह गर्रकन फिरतं: ऑटोबॉटचं लाल चिन्ह उलटून डिसेप्टिकॉनचं जांभळं होतं, किंवा त्याच्या उलट. प्रत्येक पलटीला एक क्रमांक द्या. झाले तुमचे प्रसंग. काही ठिकाणी चिन्ह न फिरता साधा कट असतो, तिथे स्वतः रेघ मारा.

प्रत्येक प्रसंगासमोर तीन गोष्टी लिहा: जागा, हजर असलेली पात्रं, आणि प्रसंग संपताना कोण कुठे आहे. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटेल, पण पुढे सगळ्यात जास्त तोच कामी येतो. द्वंद्व बघायला गेलेला ऑटोबॉट त्याच वेळी तळावरही दिसला, तर तो याच रकान्यातून सापडणार.

पायरी 4: फ्रेम-फ्रेम पुढे सरका

संगणकावर व्हीएलसी वापरत असाल तर चित्र थांबवून ‘ई’ची की दाबत राहा, एकेक फ्रेम पुढे जाते. मागे यायची सोय त्यात धड नाही. एमपीव्ही नावाच्या फुकट प्लेअरमध्ये पूर्णविरामाच्या कीने पुढे आणि स्वल्पविरामाच्या कीने मागे जाता येतं, ‘एस’ने चित्र साठवता येतं. यूट्यूबवरही चित्र थांबवलं की याच दोन विरामचिन्हांच्या की चालतात.

नवख्यांची पहिली फसगत इथेच होते. अमेरिकन डीव्हीडी सेकंदाला सुमारे 30 फ्रेम दाखवते आणि फिल्म 24ची. त्यामुळे फिल्मच्या चार फ्रेम व्हिडिओच्या पाच फ्रेममध्ये पसरवाव्या लागतात, आणि त्या पाचांपैकी दोनांत शेजारशेजारची दोन चित्रं आडव्या रेघांनी एकमेकांत मिसळलेली दिसतात. एखाद्याला तीन हात दिसले, दोन चेहरे दिसले, तर हुरळून जाऊ नका. व्हीएलसीमध्ये ‘डी’ दाबून रेघा घालवा, एक फ्रेम मागेपुढे करून पाहा, आणि मगच बोला. दोन चित्रं मिसळलेल्या फ्रेमवरून काढलेला निष्कर्ष वहीत जाऊ द्यायचाच नाही.

आणि प्रत्येक फ्रेमला नवं चित्र असतं असंही नाही. त्या काळी टीव्हीच्या कामात एकच चित्र दोन-तीन फ्रेम धरून ठेवायचे. म्हणजे सेकंदाला फार तर आठ ते बारा वेगळी चित्रं. चूक एकाच चित्रात आहे की सलग चार-पाच चित्रांत, हे मोजून लिहा. एका चित्रापुरती चूक म्हणजे बहुधा रंगवणाऱ्याचा हात चुकला. पूर्ण शॉटभर तीच चूक असेल, तर ती आधीच्याच टप्प्यात, आराखड्यात किंवा रंगसूचीत शिरलेली असण्याची शक्यता जास्त.

सरावाला डेव्हास्टेटर जोडला जातो तो क्षण घ्या. सहा जणांच्या जागा ठरलेल्या आहेत. स्क्रॅपर, म्हणजे पुढे बकेट असलेला लोडर, उजवा पाय. मिक्समास्टर, काँक्रीटचा मिक्सर, डावा पाय. लाँग हॉल हा डंपर कंबर आणि पोटाच्या जागी. हूक ही क्रेन, छाती आणि डोकं. स्कॅव्हेंजर हे पोकलेन, उजवा हात. बोनक्रशर हा बुलडोझर, डावा हात. उजवा म्हणजे त्याचा उजवा, आपल्याला समोरून दिसतो तो नव्हे, ही गल्लत कायम होते. आता जोडणीपासून डेव्हास्टेटर आणि डायनोबॉट (डायनासोर होणारे ऑटोबॉट) भिडतात तिथपर्यंत प्रत्येक शॉटमध्ये हे सहा भाग ताडून पाहा. पोकलेनचा दांडा कोणत्या हाताला आहे? पायावर मिक्सरचं भांडं दिसतंय की लोडरची बकेट? सहाही जण हिरवे-जांभळे असल्यामुळे रंगावरून कळणार नाही, आकारच बघावा लागेल.

पायरी 5: चुकीला तिच्या जातीत बसवा

मी पाच जाती धरतो: रंगाची चूक, थराची चूक, मापाची चूक, हजेरीची चूक आणि आवाजाची चूक.

रंगाची चूक समजून घ्यायची तर काम कसं चालायचं ते माहीत हवं. पहिल्या पर्वाचं अ‍ॅनिमेशन जपानमधल्या तोएई स्टुडिओत झालं. कागदावरच्या रेघा सेलवर, म्हणजे पारदर्शक पत्र्यावर उतरवायच्या आणि मागच्या बाजूने, ठरलेल्या क्रमांकाचे रंग भरायचे. आता स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प ही डिसेप्टिकॉनांची तिन्ही विमानं एकाच साच्याची. रेघा त्याच. राखाडी-लाल-निळा रंग भरला की स्टारस्क्रीम, निळा भरला की थंडरक्रॅकर, काळा-जांभळा भरला की स्कायवॉर्प. म्हणजे इथे रंग चुकला की नुसता रंग चुकत नाही, माणूसच बदलतो. विमानांच्या प्रत्येक शॉटमध्ये तीन प्रश्न विचारा: किती विमानं, कोणत्या रंगाची, आणि बोलतंय कोण.

थराची चूक म्हणजे मागे असायला हवी ती वस्तू पुढे येणं. सेल एकावर एक ठेवून फोटो घेताना क्रम बदलला की असं होतं. मापाचं तर विचारू नका. या मालिकेत कुणाचीच उंची दोन भागांत सारखी नाही. मापाची चूक लिहायचीच असेल तर एकाच प्रसंगातली, शेजारशेजारच्या दोन शॉटमधली लिहा, नाहीतर वही भरून जाईल.

काही गोष्टी चुका नसतातच, ते मालिकेचे संकेत असतात. भलाथोरला मेगाट्रॉन पिस्तूल होऊन दुसऱ्याच्या हातात मावतो. साउंडवेव्ह हा डिसेप्टिकॉन खांद्याला अडकवता येईल एवढा टेपरेकॉर्डर होतो. ऑप्टिमस ट्रकचा रोबो झाला की मागचा ट्रेलर कडेला घरंगळत जातो तो गायब, आणि परत ट्रक व्हायची वेळ आली की हजर. यांसाठी वहीत वेगळं पान ठेवा. दर भागाला ‘ट्रेलर कुठे गेला?’ असं लिहिणारा गडी गटात एक तरी असतोच, त्याला ते पान दाखवायचं.

पायरी 6: पडदा बंद, कान उघडे

पूर्ण भाग एकदा नुसता ऐका, हेडफोन लावून. श्रेयनामावलीत आवाज देणाऱ्यांची नावं असतात, पण कोणी कोणाचा आवाज दिला ते नसतं, त्यामुळे कान तयार करण्याला पर्याय नाही. पीटर कलन ऑप्टिमस प्राइमचा आवाज, आणि आयर्नहाइड या ऑटोबॉटचाही. फ्रँक वेल्कर मेगाट्रॉनचा आणि साउंडवेव्हचाही. साउंडवेव्हचा तो यांत्रिक सूर व्होकोडर या यंत्रातून काढलेला. म्हणजे मेगाट्रॉन साउंडवेव्हला हुकूम सोडतो तेव्हा एकच माणूस स्वतःशी बोलत असतो. क्रिस लाटा यांच्याकडे स्टारस्क्रीम, व्हीलजॅक हा ऑटोबॉट आणि माणसांपैकी स्पार्कप्लग. एकदा हे माहीत झालं की व्हीलजॅकच्या बोलण्यात मधूनच स्टारस्क्रीमची किनार ऐकू येते, आणि मग ती डोक्यातून जात नाही.

ऐकताना प्रत्येक वाक्यासमोर तुमच्या कानाला पटलेलं नाव लिहा. नंतर चित्र लावून कोणाचं तोंड हलतंय ते पाहा. दोन्ही जुळले नाहीत तर आवाजाची चूक. ऑप्टिमस किंवा साउंडवेव्ह यांची तोंडं मुखवट्याआड असतात, तिथे बोलणाऱ्याचं डोकं किंवा हात हलतोय का, यावरून ठरवावं लागतं, आणि ‘खात्री कमी’ असा शेरा मारावा लागतो.

पायरी 7: इतर भागांशी ताडा

खरा रस इथे आहे. ‘हेवी मेटल वॉर’मध्ये मेगाट्रॉन सांगतो की कन्स्ट्रक्टिकॉन आम्ही इथल्या गुहांमध्ये बनवले. म्हणजे जन्म पृथ्वीवर, 1984च्या आसपास.

दुसऱ्या पर्वात ‘द सीक्रेट ऑफ ओमेगा सुप्रीम’ हा डेव्हिड वाइज यांचा भाग येतो आणि सगळं उलटंपालटं करतो. त्यात कन्स्ट्रक्टिकॉन फार पूर्वीपासून या रोबोंच्या मूळ ग्रहावर, सायबरट्रॉनवर आहेत, सज्जन आहेत, ओमेगा सुप्रीम या ऑटोबॉटचे मित्र आहेत. मेगाट्रॉन रोबो-स्मॅशर नावाच्या यंत्राने त्यांची बुद्धी फिरवतो आणि ते क्रिस्टल सिटी उद्ध्वस्त करतात. तिथून ओमेगाचं त्यांच्याशी हाडवैर.

मग 1986चं तिसरं पर्व. फ्लिंट डिली यांच्या ‘द फाइव्ह फेसेस ऑफ डार्कनेस’ या पाच भागांच्या कथेत भूतकाळाची एक झलक दिसते, आणि तिथे कन्स्ट्रक्टिकॉनच मेगाट्रॉनला घडवताना दिसतात. म्हणजे बापाने लेकराला बनवलं, की लेकराने बापाला?

यात चौथा धागाही आहे. दुसऱ्याच पर्वातल्या ‘द की टू व्हेक्टर सिग्मा’ या जोडभागात नव्या रोबोंना प्राण द्यायला सायबरट्रॉनच्या पोटातला व्हेक्टर सिग्मा हा महासंगणक लागतो. मग गुहेतल्या कन्स्ट्रक्टिकॉनना प्राण कोणी दिला? आणि त्याआधी ‘एस.ओ.एस. डायनोबॉट्स’मध्ये व्हीलजॅक आणि रॅचेट यांनी डायनोबॉट बनवले, त्यांना?

अशा वेळी वहीचं पान उभं दुभंगा. डाव्या बाजूला पडद्यावरचं: कोणता भाग, कोण बोलतो, किंवा काय दिसतं. बस. उजव्या बाजूला स्पष्टीकरणं, आणि त्यांतही दोन गट करा.

पहिला गट कथेच्या आतला. चाहत्यांची आवडती साखळी अशी: कन्स्ट्रक्टिकॉनांनी मेगाट्रॉनला घडवलं, पुढे मेगाट्रॉनने त्यांची बुद्धी फिरवली, आणि पृथ्वीवर आल्यावर गुहेत त्यांना फक्त नवी, पृथ्वीवरच्या यंत्रांची शरीरं मिळाली. तीन्ही भाग यात बसतात, व्हेक्टर सिग्माची अडचणही सुटते. उरतो एक काटा: मेगाट्रॉन गुहेत जे बोलतो त्यात जुनी शरीरं, जुनी ओळख यातलं काहीच नाही. तेवढं आपण पदरचं घालतो, आणि घातलंय असं लिहायला हवं. डायनोबॉटचा प्रश्न तर तसाच राहतो.

दुसरा गट कथेबाहेरचा. हॅस्ब्रो या अमेरिकन खेळणी-कंपनीने ताकारा कंपनीची डायाक्लोन आणि मायक्रो चेंज ही जपानी खेळणी घेऊन ही मालिका उभी केली होती. कन्स्ट्रक्टिकॉनची खेळणी अमेरिकेत 1985च्या हंगामाची. पहिल्या पर्वाच्या शेवटाकडे त्यांना पडद्यावर आणायचंच होतं, आणि ‘आत्ताच बनवले’ हे सर्वांत सोपं कारण. पुढे लेखक बदलले, संपादक बदलले, आणि आधी काय सांगितलंय याची वंशावळ ठेवणं हे कुणाचंच मुख्य काम नव्हतं. मला हे दुसरं उत्तर जास्त खरं वाटतं आणि पहिलं जास्त आवडतं. दोन्ही ठेवा, पण एकाच रकान्यात नको.

ताडून पाहताना आणखी एक भान ठेवा: भाग ज्या क्रमाने बनले त्या क्रमानेच दाखवले गेले असं नाही. स्कायफायर या रोबोची ओळख करून देणारा ‘फायर इन द स्काय’ टीव्हीवर आला त्याआधीच तो ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये ऑटोबॉट म्हणून वावरून गेला होता. निर्मितीच्या क्रमाने पाहिलं तर यात विसंगती नाही. आपण कोणता क्रम धरलाय ते नोंदवा.

पायरी 8: नोंद अशी लिहा की दुसऱ्याला सापडेल

एका नोंदीत एवढं हवं: प्रत, नावाच्या पाटीपासूनची वेळ, प्रसंग क्रमांक, किती चित्रांपुरतं, काय दिसतं, जात, खात्री. ‘स्टारस्क्रीमचा रंग भयंकर चुकलाय’ ही नोंद नाही. ‘डावीकडून दुसरं विमान काळं-जांभळं, आवाज स्टारस्क्रीमचा, पूर्ण शॉटभर’ ही नोंद. स्क्रीनशॉट जोडा, पण नुसता स्क्रीनशॉट पुरावा धरू नका, आधीची आणि नंतरची फ्रेमही सोबत द्या.

खेळण्याच्या खोक्यावरून घेतलेली माहिती असेल तर तसं लिहा. खोक्यामागची ती छोटी चरित्रं बहुतांशी मार्व्हल या कॉमिक-कंपनीच्या बॉब बुडियान्स्की यांनी लिहिली, आणि शक्ती-वेगाचे आलेख लाल प्लॅस्टिकच्या पट्टीतून वाचायचे असत. कॉमिकची कथा तर वेगळीच चालते. खोकं, कॉमिक आणि कार्टून हे तीन वेगळे साक्षीदार आहेत. ते एकमेकांशी जुळतीलच असं नाही.

हे न पाळल्यामुळे एक भांडण वर्षानुवर्षं चाललं आहे. रंबल आणि फ्रेन्झी हे साउंडवेव्हच्या पोटातले दोन कॅसेट-रोबो. खेळण्यांत रंबल लाल, फ्रेन्झी निळा. कार्टूनमध्ये नेमकं उलट. इंग्रजीत दोन्ही पक्षांनी आपापल्या घोषणांची आद्याक्षरं जुळवून चक्क नावं पाडली, ‘फिरिब’ आणि ‘रिरफिब’. कार्टूनबद्दल बोलायचं तर फ्रेन्झी लाल. खोक्याबद्दल बोलायचं तर रंबल लाल. विषय संपला, निदान माझ्यापुरता तरी. ‘हेवी मेटल वॉर’मधला छोटा निळा रोबो दिसला की वहीत रंबल लिहा, आणि कंसात ‘कार्टूनप्रमाणे’.

हा भाग झाला की पुढे ‘द सीक्रेट ऑफ ओमेगा सुप्रीम’ घ्या, सातव्या पायरीतली दुभंगलेली पानं आयती तयार आहेत. तिसऱ्या पर्वातला ‘कार्नेज इन सी-मायनर’ मात्र इतक्यात उघडू नका. दक्षिण कोरियाच्या अकोम स्टुडिओचं ते काम चुकांसाठीच कुप्रसिद्ध आहे. हात बसायच्या आधी तो घेतला तर चौथी पायरीच पुरी होणार नाही.